नवा साप घरी आलाय, हातात कधी घ्यायचा?

सावनी_केरी
विषय वाचून पळू नका, खरंच साप आहे आणि तो आम्ही पैसे देऊन आणलाय.

मुलगा बारा वर्षांचा. तीन वर्षं मागे लागला होता, कुत्रा नको मांजर नको साप पाहिजे. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेजवळ केरीला राहतो. नवरा एकदा बेसावधपणे म्हणून गेला की गणितात पैकीच्या पैकी मिळव मग बघू, आणि कार्ट्याने मिळवले. गेल्या शनिवारी एका ब्रीडरकडून कॉर्न स्नेकचं, म्हणजे एका बिनविषारी अमेरिकन सापाचं, पिल्लू आणलं. फूटभर लांब, पेन्सिलीएवढं जाड, केशरी अंगावर लालसर ठिपके. पोटाकडून मक्याच्या कणसासारखी नक्षी आहे म्हणून नाव ठेवलंय मक्या.

आज पाचवा दिवस. ब्रीडर म्हणाला आठवडाभर हात लावू नका. थर्मोस्टॅट घ्यायला ज्या दुकानात गेलो तिथला पोरगा म्हणाला पहिल्या दिवसापासून हाताळा नाहीतर नंतर माणसाळणार नाही. नेटवर कोणी दोन आठवडे सांगतं कोणी महिना. चिरंजीव शाळेतून आले की काचेला नाक लावून बसतात. काल मी पाणी बदलायला झाकण उघडलं तर या एवढ्याशा जिवाने शेपटी थरथरवली, मान वाकडी करून इंग्रजी एससारखा आकार केला आणि माझ्या बोटावर झेप घेतली. लागलं काहीच नाही पण मी किंचाळले, तो लपला, मुलगा हसला.

तर कधी हातात घ्यायचा? अजून एक म्हणजे तीन आठवड्यांनी साताऱ्याहून सासूबाई येतायत आणि त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

खवचट_खंडू
आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं. इथे तर नागोबाला बीळ, हीटर, थर्मोस्टॅट सगळं विकत घेऊन दिलंय. सासूबाईंच्या खोलीला थर्मोस्टॅट आहे ना?

घाबरट_गौरी
मी पाय वर घेऊन वाचतेय.

रानवाट
सावनी, मी व्हर्जिनियात आहे, अकरा वर्षं साप पाळतोय, सध्या चार आहेत, त्यातले दोन कॉर्नच. माझं मत सांगतो, दिवस मोजायचेच नाहीत, जेवणं मोजायची.

पहिले पाच ते सात दिवस काहीच करायचं नाही. पाणी बदला, घाण दिसली तर काढा, बाकी तिकडे फिरकू नका. मग खायला द्या. लागोपाठ तीन जेवणं घेतली आणि तिन्ही पचवली, तर शेवटच्या जेवणानंतर पूर्ण ४८ तास जाऊ द्या आणि मग पहिल्यांदा हातात घ्या. आठवड्याला एक पिंकी, म्हणजे डोळे न उघडलेलं उंदराचं पिल्लू, असा हिशोब धरला तर साधारण तीन ते चार आठवडे होतात.

कारण असं की तुमचा मक्या अंड्यातून बाहेर आल्यापासून ब्रीडरच्या रॅकमधल्या बुटाच्या खोक्याएवढ्या डब्यात होता. अंधार, उबदार, चारी बाजूंनी भिंती. तिथून उचलून तुम्ही त्याला काचेच्या मोठ्या पेटीत आणून ठेवला, नवा वास, नवा उजेड, आणि बाहेर सतत एक भलंमोठं तोंड. फूटभर सापाला जगात सगळेच खातात, बगळा, कोंबडी, बेडूकसुद्धा. वरून आलेला हात म्हणजे त्याच्या लेखी ससाणाच. शेपटी थरथरवणं, एस करणं हे सगळं म्हणजे "जाऊ दे बाबा मला" एवढंच सांगणं असतं. त्यात भूक मेली तर एवढ्याशा पिल्लाकडे अंगावर साठवलेलं काही नसतं, म्हणून आधी त्याचं खाणं सुरळीत झालेलं बघायचं.

उदय_ह्यूस्टन
रानवाट म्हणतायत ते शंभर टक्के खरं, मी उलटं केलं म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत लेकीला कॉर्न आणून दिला. दुसऱ्याच दिवशी घरी फराळाला दहा-बारा कुटुंबं, म्हणजे पोरं किती ते तुम्हीच मोजा. प्रत्येकाला साप हातात घेऊन फोटो हवा. मीही मोठ्या रुबाबात या हातातून त्या हातात देत होतो. साप बिचारा एवढा शांत की मी सगळ्यांना सांगतोय बघा किती गरीब आहे. नंतर कळलं तो गरीब नव्हता, भीतीने गारठला होता. दोन दिवसांनी पिंकी दिली, खाल्ली, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी शेजारचे आले म्हणून परत बाहेर काढला. रात्री अर्धवट पचलेलं सगळं बाहेर. त्या वासाबद्दल बोलत नाही, काहीजण जेवता जेवता वाचत असतील.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की उलटी झाली की सापाच्या पोटातलं आम्लही बाहेर जातं, ते परत तयार व्हायला वेळ लागतो, लगेच खायला दिलं तर परत उलटी. दोन आठवडे उपास, मग नेहमीच्या निम्मं भक्ष्य. गाडी रुळावर यायला दोन महिने लागले आणि लेक अजून दर दिवाळीला ऐकवते.

पेठकर_लीड्स
रानवाट, जेवणं मोजायचा नियम कॉर्नला ठीक आहे पण तो सगळीकडे लावू नका. माझ्याकडे रॉयल पायथन आहे, तुमच्या अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात, घाबरला की डोकं मध्ये घालून चेंडू होतो म्हणून. आणला तेव्हा तीन वर्षांचा होता. आल्यापासून पाच महिने एक घास खाल्ला नाही. पाच महिने! मी तीन जेवणांची वाट बघत बसलो असतो तर अजून बसलेलो असतो. दर आठवड्याला वजन करायचो, काटा जेमतेम हलायचा. डॉक्टर म्हणाले ही जातच उपासाची आहे, तब्येत ठीक आहे तर थोडं थोडं हाताळा. मग दोन आठवड्यांनी नुसता हात पेटीत ठेवायला लागलो, हलवायचा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःच हातावर आला.

आणि खूप दिवस लांब राहिलं की साप बदलतो न बदलतो, माणसाचा धीर सुटतो हे मी बघितलंय. सावनीताई एकदा किंचाळल्यात, महिनाभर थांबल्या तर दोनदा किंचाळतील.

रानवाट
मान्य. मोठा रॉयल पायथन आणि महिन्या-दोन महिन्याचं कॉर्नचं पिल्लू यांना एक माप नाही. पण इथे पिल्लू आहे, म्हणून मी जेवणावरच अडून बसणार. रॉयलवरून आठवलं, सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने २०२० साली साठी ओलांडल्यावर सात अंडी घातली, आणि त्याआधी कितीतरी वर्षं तिच्याजवळ नर नव्हता. तेव्हा साप घेणाऱ्यांनी आपल्या निवृत्तीचाही विचार करावा. कॉर्न त्या मानाने बरा, पंधरा-वीस वर्षं.

खवचट_खंडू
म्हणजे मुलगा कॉलेजला जाणार आणि मक्या आईकडे. सावनीताई, अभिनंदन.

शाकाहारी_शमा
एक बाळबोध प्रश्न. हे पिंकी प्रकरण ठेवता कुठे?

सावनी_केरी
फ्रीजरमध्ये. उकडीच्या मोदकांच्या खालच्या कप्प्यात. वेगळ्या डब्यात, डब्यावर लाल पेनने मोठ्ठं लिहून. आता मोदक कोणी खात नाहीये.

शाकाहारी_शमा
पनीर चालत नाही का त्याला?

रानवाट
नाही.

शाकाहारी_शमा
दूध?

वारणाकाठ
दूधही नाही. मी शिराळ्याच्या बाजूचा, वीसेक वर्षं आमच्या भागात घरात-गोठ्यात निघालेले साप धरून सोडतो. नागपंचमीला नाग दूध पितो ते गारुड्याने त्याला कितीतरी दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं म्हणून, तहानेला काहीही पितो बिचारा, नंतर त्रास होतो.

लहानपणी आमच्याकडे पंचमीच्या आधी रानातून नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, पंचमी झाली की सोडायचे. कोर्टाने जिवंत नागांवर बंदी आणली आणि ते थांबलं. त्या काळात मी जे पाहिलं ते सांगतो, पहिल्या दिवशी फणा काढून फूत्कारणारा नाग आठ-दहा दिवसांनी मवाळ दिसायचा, मग लोक म्हणायचे माणसाळला. तसं काही नसतं. दमलेला असतो. हातात गप्प राहिलेला साप खुशीत आहे की दमलाय हे जीभ बघून कळतं. जीभ सावकाश आतबाहेर करत पुढे सरकतोय, वास घेतोय, म्हणजे ठीक. अंग ताठ, जीभ बंद, मान मागे ओढलेली, तर ठेवून द्या.

आता सावनीताईंना खास सांगतो, हाताळायला कधी घ्यायचा यापेक्षा हे महत्त्वाचं. पोराला पहिल्या दिवशी बजावा की पेटीतला साप आपला, अंगणातला कधीच नाही. इकडे आम्ही दरवर्षी बघतो, कवड्या समजून मण्यार उचलतात. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे, दोघे रात्री फिरणारे, पण एक बिनविषारी आणि दुसऱ्याच्या चाव्याला दुखतसुद्धा नाही नि माणूस झोपेत जातो. तुमच्याकडेही असलं जोडपं असेलच कुठलं तरी.

रानवाट
वारणाकाठ, आहे ना, कॉपरहेड! सावनी, तुमच्या केरीत तर घराघरांच्या मागच्या अंगणात निघतो. तोही तांबूस-तपकिरी, त्याच्याही अंगावर पट्टे, आणि विषारी. इथले लोक उलटं करतात, कॉर्नला कॉपरहेड समजून फावड्याने मारतात. पण मक्याला खेळवून हात सरावलेला पोरगा उद्या पाचोळ्यातला कॉपरहेड उचलेल ही भीती अगदी रास्त आहे. कॉपरहेडचे पट्टे पाठीवर अरुंद आणि कुशीला रुंद असतात, कॉर्नच्या पाठीवर सुटे ठिपके असतात. पण हे बारा वर्षांच्या मुलाला ओळखायला शिकवू नका, लांबून बघायचं आणि मोठ्यांना हाक मारायची एवढंच शिकवा.

सावनी_केरी
बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीच बोलते त्याच्याशी.

पुणेरी_पगडी
पुण्यात मला असा कॉर्न किंवा पायथन पाळता येईल काय? सोसायटीत कुत्र्यांना विरोध आहे, सापाबद्दल नियमावलीत उल्लेख नाही.

वारणाकाठ
आपल्याकडचा कुठलाही साप, धामण असो दिवड असो नानेटी असो, घरात ठेवला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. मांडूळ तर विचारूच नका, दुतोंड्या म्हणून लाखोंच्या अफवा पसरवून त्याचा पार धंदा करून ठेवलाय, रोज कोणीतरी पकडला जातो. परदेशी जातींचं वेगळं आहे. रॉयल पायथन वन्यजीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय सायटिस करारात परिशिष्ट २ मध्ये येतो, २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसलेला साप कोणी गुपचूप विकत असेल तर घेऊ नका.

सदाशिवराव
अवांतर होतंय पण राहवत नाही. १९८० च्या जानेवारीत पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते. आमचे वडील आम्हाला बघायला घेऊन गेले. गर्दी इतकी की मला साप कमी आणि लोकांच्या पाठीच जास्त दिसल्या. पुढे कात्रजचं सर्पोद्यान त्यांनीच उभं केलं. मुद्दा असा की त्या माणसाला एकही साप चावला नाही. घाईने हालचाल केली नाही तर सापाला चावायचं काही कारण नसतं असं वडील परतताना बसमध्ये सांगत होते, आणि घरी आल्यावर पाल बघून खुर्चीवर चढले.

घाबरट_गौरी
काका, तुमचे वडील माझ्या टीममध्ये.

सावनी_केरी
अपडेट, आठवा दिवस. काल रात्री पिंकी दिली. खाल्ली नाही. चिमट्याने नाकासमोर धरली तर मागे मागे गेला. मुलगा रडवेला झालाय, म्हणतो मरणार का. मीही जरा हललेय.

रानवाट
मरत नाही. पिंकी कशी गरम केली? लपायला जागा किती? आणि उबदार बाजूचं तापमान सांगा, पण अंदाजे नको.

सावनी_केरी
पिशवीत घालून कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह नाही, ते एका व्हिडिओत पाहिलं, फुटते म्हणे, ईईई. लपायला एक नारळाची करवंटी आहे. तापमान काचेवर चिकटवलेल्या काट्यावर ८४ फॅरनहाइट.

रानवाट
तो काटा काचेच्या मध्यावर असणार, साप खाली बसतो. प्रोब असलेला थर्मामीटर उबदार लपणीच्या आत जमिनीवर ठेवून बघा. आणि लपण्या दोन हव्यात, एक उबदार टोकाला एक गार टोकाला, नाहीतर त्याला ऊब पाहिजे की लपायला पाहिजे यातलं एकच निवडावं लागतं. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा. पुढचे चार दिवस काहीही देऊ नका. मग रात्री त्याला आणि पिंकीला एका छोट्या भोकं पाडलेल्या डब्यात ठेवून, डबा पेटीतच ठेवून, दिवा बंद करून झोपा. चिमट्याने नाचवू नका, काही पिल्लांना ते अंगावर आल्यासारखं वाटतं.

आणि चिरंजीवांना तिथून उठवा हो!

सावनी_केरी
खाली ७३ निघालं. त्रेहात्तर. हीटमॅट चालू, थर्मोस्टॅट चालू, पण आम्ही वर भुसा इतका जाड घातला होता की ऊब वर येतच नव्हती. आता ८५ वर आणलंय, मॅट थर्मोस्टॅटवरच आहे. दुसरी लपणी म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा कापून ठेवलाय.

उदय_ह्यूस्टन
थर्मोस्टॅट कधीही काढू नका. बिनथर्मोस्टॅटच्या मॅटवर साप भाजतो आणि उठतही नाही, बघितलंय एका ओळखीच्यांकडे.

सावनी_केरी
बारावा दिवस. खाल्लीऽऽऽ! सकाळी डबा उघडला तर पिंकी गायब आणि मक्याच्या पोटात एक छोटा गोळा. नवऱ्याने ऑफिसात पेढे वाटले नाहीत एवढंच.

खवचट_खंडू
पहिलं जेवण म्हणजे उष्टावणच की. चांदीचा चमचा पाठवतो.

पेठकर_लीड्स
मस्त! आता जेवण एकीकडे चालू दे, पण हाताची ओळख आत्तापासून करून द्या. मुलाचा घातलेला जुना टीशर्ट चौकोनभर कापून लपणीजवळ ठेवा. साप जिभेने वासाचे कण गोळा करून टाळूतल्या इंद्रियाला देतो, त्याला तुम्ही दिसण्यापेक्षा तुमचा वास आधी कळतो.

रानवाट
टीशर्टने खरंच काही होतं का याबद्दल मला शंका आहे, पण अपाय तरी नाही. ठेवा.

पहिल्यांदा घ्याल तेव्हाचं आत्ताच लिहून ठेवतो. हात आधी साबणाने धुवा, उंदराचा वास राहिला तर तुमचं बोट म्हणजे पिंकीच. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, बाजूने न्या. आधी गुंडाळलेल्या कागदाने अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करा, म्हणजे त्याला कळतं की जेवण आलेलं नाही. मग अंगाखालून मध्यावर उचला, डोकं धरायचं नाही कधीच. जमिनीवर बसून करा, पडला तर वीतभरच पडेल. पाच मिनिटं, घड्याळ लावून. नंतर परत हात धुवा, सापाच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर सरपटणारे प्राणी ठेवूच नयेत असं इथली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते, तुमच्याकडे नाही म्हणून ठीक.

आणि चावला तर ओढू नका. दात मागे वळलेले असतात, ओढलं तर तुमचं कातडं फाटेल आणि त्याचे दात तुटतील. पिल्लू आहे, लगेच सोडतं.

पेठकर_लीड्स
यात एक जोडतो, झेप घेतली म्हणून घाबरून लगेच हात काढून घ्यायचा नाही. मग तो शिकतो की झेप घेतली की माणूस जातो. क्षणभर तसेच थांबा, शांत झाला की मग बाजूला व्हा.

वारणाकाठ
हे बिनविषारीला. इकडच्या वाचकांनी याचा प्रयोग करू नये.

सावनी_केरी
पुष्कळ दिवसांनी येतेय. दुसरी पिंकी अठराव्या दिवशी, तिसरी चोविसाव्या दिवशी, दोन्ही पाच मिनिटांत फस्त. सव्विसाव्या दिवशी सासूबाई आल्या.

नवऱ्याने शेवटी विमानात बसायच्या आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. त्या गप्प. मग म्हणाल्या, "विषारी नाही ना? मग मी कशाला घाबरू, मला जेवायला काय करणार आहात ते सांगा." इथे आल्यावर कळलं की त्यांच्या माहेरी धान्याच्या बळदाजवळ धामण राहायची, उंदीर खाते म्हणून तिला कोणी मारत नसे, त्यांच्या आजी तिला बाई म्हणायच्या. आणि मी तीन आठवडे झोपले नव्हते. पहिल्या संध्याकाळी पेटीसमोर हळदकुंकू वाहिलं आणि उदबत्ती लावायला निघाल्या.

रानवाट
उदबत्ती त्या खोलीत नको! धुराचा सापाच्या फुप्फुसाला त्रास होतो.

सावनी_केरी
हो, मुलाने थांबवलं, आता देवघरात त्याच्या नावाची वेगळी लावतात.

बरं, मुख्य गोष्ट. सत्ताविसाव्या दिवशी, जमिनीवर बसून, कागद, साबण, घड्याळ सगळं केलं. मुलाने उचलला. अर्धं मिनिट मक्या ताठ होता, शेपटी थोडी थरथरली, मुलगा हललाच नाही, श्वाससुद्धा घेत नव्हता बहुतेक. मग जीभ बाहेर आली आणि बोटांमधून या बोटावरून त्या बोटावर निघाला. चौथ्या मिनिटाला बाहीवर शी केली. मुलगा म्हणतो हा शर्ट धुवायचा नाही. धुतला. त्यानंतर दोन वेळा झालं, दर दोन-तीन दिवसांनी, दर वेळी पाच-सात मिनिटं. मी अजून घेतला नाहीये. सासूबाईंनी घेतला.

घाबरट_गौरी
माझा विश्वासच बसत नाहीये.

खवचट_खंडू
गौरी, पाय खाली घे आता, मुंग्या आल्या असतील.

सावनी_केरी
आज एक नवीनच. काल दिलेली पिंकी तशीच पडून राहिली. रंग मळकट झालाय आणि डोळ्यांवर निळसर पडदा आलाय, मोतीबिंदू झाल्यासारखा. मी आज पहिल्यांदा हातात घेणार होते, मनाची तयारी पण केली होती. कात टाकणार आहे का हा?

रानवाट
हो. त्याला आत्ता नीट दिसत नाही, म्हणून जास्त दचकतो. खाणारही नाही. ओलसर शेवाळ घातलेली एक डबी ठेवा आत.

सावनी_केरी
म्हणजे परत थांबायचं?

रानवाट
परत थांबायचं. डोळे आधी निवळतील, त्याने फसू नका, कात त्यानंतर दोन-चार दिवसांनी पडते.

सावनी_केरी
सासूबाई विचारतायत, कात पडली की ती साताऱ्याला नेऊ का.